दंडावरचा सेन्सर आणि बंगळुरूहून येणारा फोन

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या भगिनी नागपूरच्या मानेवाडा भागात राहतात. वय ४७, शाळेत शिक्षिका. घरात यजमान, बारावीतली मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत. सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब असून गेल्या वर्षापासून रात्रीचे इन्सुलिन सुरू झाले आहे. फेब्रुवारीत संकष्टीच्या दिवशी त्या टेकडी गणपतीला जाऊन आल्या, चंद्रोदयानंतर थोडेसे खाऊन नेहमीचे इन्सुलिन घेऊन झोपल्या आणि पहाटे घामाने ओल्याचिंब, असंबद्ध बोलत असलेल्या आढळल्या. साखर ४८ निघाली, धंतोलीतल्या एका रुग्णालयात दोन दिवस राहावे लागले. हे कळल्यावर बंगळुरूला असलेल्या दिरांनी रक्तदाब मोजण्याचे यंत्र, दंडावर चिकटवायचा साखरेचा सेन्सर, मनगटी घड्याळ आणि सासूबाईंच्या खोलीत लावण्यासाठी कॅमेरा अशा चार वस्तू पाठवल्या. सगळे त्यांच्या मोबाइलला जोडलेले आहे. तेव्हापासून शाळेत वर्ग सुरू असताना त्यांचा फोन येतो, "आईची शुगर १९० कशी? काय खायला दिलं?" सासूबाईंनी पाचव्या दिवशी सेन्सर ओढून काढला, "मले काय झालं म्हणून हे चिटकवून ठेवता?" असे म्हणाल्या आणि कॅमेऱ्याची पिनही काढून ठेवली. यजमान दोन्ही बाजूंना गप्प आहेत. वाचक विचारतात : सासूबाईंना हे नवे तंत्र कसे पटवावे? की सगळे परत पाठवून द्यावे? आणि मला स्वतःलाही ते नकोसे झाले आहे, म्हणजे मी मागासलेली आहे का?

ताई,

तुमच्या पत्रात चार वस्तू, दिरांच्या फोनच्या वेळा, सासूबाईंचे शब्द आणि यजमानांचे मौन असे सगळे आले आहे. एक गोष्ट मात्र पुन्हा वाचूनही सापडली नाही. त्या पहाटेनंतर डॉक्टरांनी रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा बदलली का, आणि उपासाच्या दिवशी ती किती घ्यायची हे घरातल्या कुणी त्यांना विचारले का? दिवसभर पोटात जवळपास काही नाही, रात्री उशिरा चार घास आणि त्यावर नेहमीएवढेच इन्सुलिन, एवढी हकीकत तुम्ही स्वतःच लिहिली आहे. साखर कशामुळे उतरली असावी याचा बराचसा उलगडा तिच्यातच होतो. संकष्टी दर महिन्याला येते. तुमचे पत्र माझ्यापर्यंत पोहोचेतो आणखी काही येऊन गेल्या असतील. म्हणून बाकीचे वाचण्याआधी डॉक्टरांना फोन करावा आणि उपासाच्या दिवसाची मात्रा लिहून घ्यावी. त्याच वेळी मूत्रपिंडाची, म्हणजे क्रिएटिनिनची, तपासणी अलीकडे झाली आहे का हेही विचारावे, कारण मूत्रपिंडाचे काम मंदावले की इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते आणि पूर्वी सोसणारी मात्राही जड जाऊ लागते. मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, माझे किंवा दिरांचे नव्हे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सासूबाईंना "तंत्र पटवावे" की "सगळे परत पाठवावे" असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवले आहेत. चारही वस्तू एकाच खोक्यातून आल्या म्हणून त्या एकच वाटतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत आणि त्यांची किंमत वेगवेगळ्या माणसांना चुकवावी लागते. रक्तदाबाच्या यंत्राची झळ कुणालाच बसत नाही. सेन्सर सासूबाईंच्या अंगावर राहतो. कॅमेरा त्यांच्या खोलीत राहतो. आणि या सगळ्यांतून निघणारे आकडे बंगळुरूला जाऊन फोनच्या रूपाने तुमच्या वर्गात येतात. तुम्हाला नकोसा झाला आहे तो हा फोन. त्याला मागासलेपण म्हणत नाहीत.

घरात कोणतेही मोजण्याचे साधन आणताना मी दोन प्रश्न विचारायला सांगते. हा आकडा कोण पाहणार? आणि तो अमुक इतका आला तर पाहणारा नेमके काय करणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरलेले नसेल, तर ते साधन काळजी कमी करत नाही, ती चोवीस तास जागी ठेवते. १९० हा आकडा दिसल्यावर दीर फोन करतात, तुम्ही ओशाळता, सासूबाई चिडतात आणि साखर आपल्या गतीने वर-खाली होत राहते. त्या फोनचा रुग्णाला कणभरही उपयोग झालेला नसतो.

शिवाय त्या १९० मध्ये घाबरण्यासारखे फारसे काही नव्हते, हे दिरांना कुणीतरी सांगायला हवे. सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे कसे वाचावेत याविषयी २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने उद्दिष्टे ठरवली. त्यांत वयोवृद्ध आणि जोखमीच्या रुग्णांसाठी वेगळे, सैल माप आहे : दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ साखर ७० ते १८० च्या दरम्यान असावी, २५० च्या वर दहा टक्क्यांहून कमी वेळ असावी आणि ७० च्या खाली एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे चोवीस तासांत पाव तासाच्या आतच असावी. या मापातला कडकपणा सगळा खालच्या बाजूला आहे. जेवणानंतर तासाभरासाठी १९० वर गेलेली साखर चौऱ्याहत्तराव्या वर्षी सहसा काही बिघडवत नाही, पण पहाटेची ४८ माणसाला पाडते, खुबा मोडते, कधी त्याहून वाईट करते. दीर नेमके उलट्या टोकाला पाहत बसले आहेत. त्यात त्यांचा दोष थोडा आहे आणि पडद्यावर वर गेलेल्या आकड्याला भडक रंग देणाऱ्या ॲपचा बराच आहे.

म्हणून चारही वस्तूंपैकी ज्या सेन्सरला सासूबाईंनी ओढून काढले, तोच तुमच्या घरात सगळ्यांत कामाचा ठरू शकतो, असे माझे मत आहे. इन्सुलिनवर असलेल्या आणि एकदा झोपेत साखर उतरलेल्या व्यक्तीसाठी रात्री वाजणारी घंटा ही खरोखर नवी सोय आहे. ग्लुकोमीटर कितीही चांगला असला तरी तो आपण बोट टोचले तेव्हाचेच सांगतो, आणि पहाटे तीन वाजता झोपेतून उठून बोट कोण टोचणार? तुमच्याकडे आलेल्या सेन्सरसारखा सेन्सर साधारण चौदा दिवस चालतो, काही मिनिटांच्या अंतराने मोजमाप घेतो, आणि साखर ठरावीक आकड्याखाली गेली की जोडलेल्या मोबाइलवर घंटा वाजवतो. मात्र तो बारा महिने लावून ठेवलाच पाहिजे असे नाही. मात्रा बदलल्यावर, आजारपणात किंवा चातुर्मासासारख्या उपासतापासाच्या काळात एखादा सेन्सर लावून त्याचा अहवाल डॉक्टरांना दाखवणे हा मधला मार्ग पुष्कळ घरांना परवडतो. तुमच्या सासूबाईंना सतत हवा की अधूनमधून, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

त्याचे काही गुणदोष आधी माहीत असलेले बरे. हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना तो काही मिनिटे मागे असतो. सेन्सर लावलेल्या दंडावर वळून झोपले की दाबामुळे तो साखर खोटीच कमी दाखवतो आणि रात्री घंटा वाजते. असे दोन-तीनदा झाले की घरचे लोक घंटाच बंद करून टाकतात. ते करू नये, दंड बदलावा. सासूबाई ज्या कुशीवर झोपतात त्याच्या उलट्या दंडावर लावावा. शरीर एक सांगते आहे आणि सेन्सर दुसरेच, अशी शंका आली तर बोट टोचून खात्री करावी. ग्लुकोमीटर कपाटात टाकून देण्याचे दिवस अजून आलेले नाहीत.

घंटा कुणाच्या मोबाइलवर वाजावी, हा खरा कळीचा मुद्दा आहे. बंगळुरूला वाजून उपयोग नाही. रात्री ती घरात, म्हणजे तुमच्या यजमानांच्या उशाशी वाजावी. त्यांच्या आईची घंटा आहे, उठायला ते समर्थ आहेत. खालची घंटा डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर ७० वर ठेवावी, वरची त्यांना विचारून बरीच वर न्यावी किंवा बंद ठेवावी. आणि घंटा वाजल्यावर काय करायचे ते सासूबाईंच्या पलंगाशेजारी कागदावर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावे : शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी बोट टोचून पुन्हा पाहायचे, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच द्यायचे, साखर वर आली की पोळी-दूध असे काही खायला द्यायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. तुमच्या बारावीतल्या मुलीलाही हा कागद वाचायला लावावा, कारण तुम्ही दोघे घरी नसताना आजीजवळ तीच असते.

बोट टोचण्याविषयी एक खास नागपुरी सूचना. संत्रे सोलून झाल्यावर हात न धुता साखर तपासली, तर बोटावरच्या रसाची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा भलताच वर येतो. तपासण्यापूर्वी साबण-पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावे, तिथे दुखते कमी. उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. ग्लुकोमीटरच्या बहुतेक पट्ट्या आणि वापरात असलेले इन्सुलिनचे पेन तीस अंशांच्या आत ठेवायचे असतात, आणि मे महिन्यात पारा ४५ कडे गेलेला असताना दुपारी कूलर बंद असलेल्या खोलीत तीस अंश कुठून मिळणार? पट्ट्यांची डबी घट्ट झाकून घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या जागी ठेवावी, कूलरच्या ओल्या झोतासमोर किंवा फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण ओल पट्ट्यांना बाधते. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावे. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते. रोजच्या वापरातले पेन कोरड्या पिशवीत घालून ओल्या मातीच्या भांड्यात ठेवण्याची जुनी युक्ती उपयोगी पडते आणि लाइट गेली तरी चालते. इन्सुलिन उन्हाने बिघडलेले असेल, तर सर्वांत महागडा सेन्सरही फक्त ते काम करत नसल्याची बातमी देत राहील.

रक्तदाबाचे यंत्र जरूर ठेवावे. दंडाला पट्टा बांधायचे आहे, हे चांगले झाले. मनगटी यंत्रे हात कुठे धरला यावर आकडा बदलतात. पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना ते पाहावे, लहान पडला तर रक्तदाब खोटाच जास्त येतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून शांत बसावे, हात टेबलावर छातीच्या पातळीत असावा आणि त्या वेळी कुणी बोलू नये. तुम्ही लिहिता की सासूबाई देवपूजा आटोपून उठल्या की लगेच उभ्या-उभ्या तुम्ही रक्तदाब पाहता, तेवढे बदलावे. डॉक्टरांकडे जाण्याआधीचा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोन-दोन वेळा मोजून, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरी मोजलेला रक्तदाब सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर तो वाढलेला मानतात. रोज तीन वेळा मोजून दिरांना पाठवण्याची काही गरज नाही. वर्षातून एकदा यंत्र सोबत नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहावे. नाडी अनियमित असेल तर अशी स्वयंचलित यंत्रे चुकू शकतात, तेही विचारून घ्यावे.

उन्हाळ्यात मात्र वेगळीच गोष्ट मोजण्यासारखी असते. घामाने अंगातले पाणी जाते, त्यातून लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर उठून उभे राहिल्याबरोबर रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाई तसे म्हणत असतील तर पाच मिनिटे पडून राहिल्यावर एकदा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजावे, पडतील म्हणून कुणीतरी जवळ उभे राहावे. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर उन्हाळ्यापुरती गोळी बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील. या एका तपासणीने जेवढी पडझड टळते, तेवढी मनगटी घड्याळाने टळत नाही.

घड्याळाबद्दल थोडक्यात सांगते. पडल्यावर सूचना देण्याची सोय त्यात असेल आणि सासूबाईंना ते घालायला आवडत असेल तर घालू द्यावे. रोज चार्ज करावे लागणारे, न आवडलेले घड्याळ आठवड्याभरात खणात जाते, तुमच्याकडे गेलेच आहे. ते तिथेच राहू द्या. स्वतः घड्याळ किंवा अंगठीच त्वचेला न टोचता साखर सांगते, असा दावा कुणी केला तर मात्र त्यावर विश्वास ठेवू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा उपकरणांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता आणि असे एकही उपकरण आपण मंजूर केलेले नाही, असे स्पष्ट केले होते. इन्सुलिनची मात्रा असल्या आकड्यावरून ठरवणे जिवावर बेतू शकते.

कॅमेऱ्याबद्दल माझे मत ठाम आहे. शुद्धीवर असलेल्या, आपले बरे-वाईट कळणाऱ्या स्त्रीच्या खोलीत तिच्या मर्जीविरुद्ध कॅमेरा लावू नये, मग तो पोटच्या मुलाने का पाठवलेला असेना. त्या खोलीत त्या लुगडे नेसतात, पाय चेपून घेतात, कधी रडत असतील. कॅमेऱ्याची पिन काढली यात त्यांचा अडाणीपणा नाही. त्या पडतील ही भीती असेल तर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री आपोआप लागणारे दिवे बसवावेत, न्हाणीघरात भिंतीला घट्ट दांडी आणि खाली न घसरणारी चटई घालावी, पलंगाशी एक बिनतारी घंटी ठेवावी. हे सगळे बर्डीच्या बाजारात मिळते, आणि त्यातले काहीही बंगळुरूला चित्र पाठवत नाही.

आता सासूबाईंविषयी. "मले काय झालं म्हणून" हे त्यांचे वाक्य मी नकार म्हणून वाचत नाही. त्यांना काय झाले हे त्यांना कुणी समजावून सांगितले आहे का? त्या पहाटेचे त्यांना बहुधा काहीच आठवत नसेल. साखर उतरली की तेवढा वेळ पुष्कळांना आठवत नाही. त्यांच्या लेखी त्या उपास करून झोपल्या आणि रुग्णालयात जाग्या झाल्या, मग घरी आल्यावर अंगाला काहीतरी चिकटवण्यात आले, खोलीत डोळा बसवण्यात आला आणि काय खाल्ले याची चौकशी लेकाकडून फोनवर होऊ लागली. सेन्सर लावल्याबरोबर त्यांनी तोंडात टाकलेला अर्धा पेढासुद्धा गुपित राहिला नाही. चाळीस वर्षे स्वयंपाकघर ज्यांच्या हुकमतीत होते त्यांनी हे सहन का करावे?

तेव्हा पटवण्याचा प्रयत्न तूर्त सोडून द्या. दुपारचा चहा झाल्यावर त्या पहाटे काय घडले ते त्यांना सांगा, घाबरवण्यासाठी नव्हे, जसे घडले तसे. मग विचारा की पुन्हा असे होऊ नये म्हणून त्यांना स्वतःला काय चालेल. सेन्सरचा प्रस्ताव ठेवायचा असेल तर एकाच सेन्सरचा, चौदा दिवसांचा, आणि त्यांच्या अटींवर ठेवा. एक अट तुमच्याकडूनच घाला : त्या आकड्यावरून खाण्याबद्दल घरातले कुणीही, दीरसुद्धा, एक शब्द बोलणार नाही. चौदा दिवसांनी अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जायचे, पुढचा लावायचा की नाही हे सासूबाई ठरवतील. तुम्ही लिहिले आहे की त्या दूधवाल्याचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज लिहितात आणि महिनाअखेर एका रुपयाचीही चूक होत नाही. मग रक्तदाबाचे आकडे मोबाइलमध्ये कशाला? त्याच चौकोनात त्यांच्या हातानेच लिहू द्या. त्यांच्या रक्तदाबाचा हिशेब त्यांच्याकडे राहील आणि आज जास्त का आला, हे त्या तुमच्याआधी सांगतील.

उपासाबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका. उपास सोडा म्हटले तर त्या चोरून करतील. जेवणासारखा फराळ आणि कमी मात्रा, की उपासच नको, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत त्या घरात काय फरक पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दिरांशी बोलायचे आहे ते तुमच्या यजमानांनी. तुमच्या पत्रातले मला सर्वांत खटकलेले वाक्य "हे म्हणतात, तू बघ काय ते" हे आहे. आई त्यांची, भाऊ त्यांचा आणि निरोप्या तुम्ही, ही वाटणी बरोबर नाही. दीर वाईट नाहीत, हजार किलोमीटरवरून आईचे अंथरूण पाहता येत नाही म्हणून आकडे पाहत बसले आहेत. त्यांना काहीच पाहायला दिले नाही तर ते आणखी फोन करतील. त्यांना काम द्या. सेन्सर, पट्ट्या आणि औषधांचा खर्च आणि वेळेवर मागवणे त्यांच्याकडे असू द्या, आठवड्यातून एकदा, समजा रविवारी, त्यांना अहवाल जाईल असे ठेवा आणि मधले क्षणाक्षणाचे आकडे त्यांच्या मोबाइलवर बंद करा. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना त्यांनाही जोडून घ्या. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे सरकारने २५ मार्च २०२० रोजीच लागू केली आहेत आणि नेहमीच्या रुग्णाचा पुढचा सल्ला असा घेण्यात काही वावगे नाही. दिरांच्या शंका तिथे डॉक्टरांना विचारल्या जातील आणि तुमचे वर्ग सुटतील. ॲपचे खाते मात्र दिरांच्या नावाने न ठेवता सासूबाईंच्या नावाने उघडावे. शरीर ज्याचे, आकडे त्याचे, आणि ते कुणाला दाखवायचे हेही त्यांनीच सांगायचे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाही संमती हाच आहे.

ज्यांचे आईवडील प्रतापनगरला किंवा धरमपेठेत एकटे राहतात आणि मुले पुण्याला वा परदेशात आहेत, अशा वाचकांची पत्रेही माझ्याकडे येतात. त्यांना एवढेच सांगते की घंटा ऐकून दहा मिनिटांत दार उघडू शकेल असा शेजारी, त्याच्याकडे किल्ली आणि दारामागे औषधांची यादी, ही व्यवस्था आधी करावी, यंत्रे नंतर घ्यावीत. घरी प्राणवायूचे यंत्र असेल तर लाइट गेल्यावर ते इन्व्हर्टरवर किती वेळ चालते हे उन्हाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्यक्ष चालवून पाहावे, आणि पर्यायी सिलिंडर भरलेला ठेवावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने नखावरच्या रंगामुळे किंवा गार बोटांमुळे चुकीचा आकडा येऊ शकतो, आणि सावळ्या कातडीवर तो प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो. म्हणून धाप लागलेली दिसत असताना आकडा ९६ आहे म्हणून स्वस्थ बसू नये. रोज पडताळायला डॉक्टर हाताशी नसेल त्यांनी सरकारच्या ई-संजीवनी सेवेचा विनामूल्य लाभ घ्यावा, मात्र तातडीच्या प्रसंगी तिची वाट न पाहता थेट १०८ गाठावे.

तुमच्याकडे सेन्सरचा दुसरा डबा न उघडता पडून आहे, असे तुम्ही लिहिले आहे. डब्यावर मुदत आणि ठेवण्याचे तापमान छापलेले असते, ते आजच पाहा, आणि तो टीव्हीच्या वर ठेवला असेल तर आतल्या गार खोलीत हलवा. सासूबाई हो म्हणाल्या, तर तो पुढच्या संकष्टीच्या दोन दिवस आधी लावता येईल. नाही म्हणाल्या, तर त्या रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे तीनला यजमानांनी उठून त्यांचे बोट टोचावे.